सहा दिवस पाण्यात राहिलेली आरएक्स-१०० आणि घरच्या सोप्यातलं फुल इंजिन

ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्याजवळ ५५ फुटांची पातळी ओलांडली, तेव्हा शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीत माझ्या मामांची यामाहा आरएक्स-१०० हँडलसकट पाण्याखाली होती. सहा दिवस. पाणी उतरल्यावर मामांनी ती पाइपानं धुतली, चार किका मारून बघितल्या आणि घर सावरायच्या घाईत गाडी भिंतीला टेकून तशीच राहिली. २०२१ ला पुन्हा पाणी चढायला लागलं, तेव्हा बंद पडलेली तीच गाडी मामा आणि शेजारची दोन पोरं ढकलत वरच्या रस्त्याला घेऊन गेली. डिसेंबर २०२३ मध्ये मामींनी ती भंगारात द्यायचा विषय काढला. मामा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी टेम्पो केला आणि गाडी शिवाजी पेठेत आमच्या घरी, पुढच्या खोलीत म्हणजे सोप्यात आणली.

मी शिरोली एमआयडीसीत एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. मायक्रोमीटर, बोअर गेज, डायल ही माझी रोजची हत्यारं. मोटरसायकलचं इंजिन मात्र त्याआधी कधी पूर्ण खोललं नव्हतं. हे सुरुवातीलाच सांगतो, कारण या कामात जे नीट झालं आणि जे चुकलं, त्या दोन्हीची मुळं इथंच आहेत.

एका गॅरेजमध्ये विचारलं, तर फुल इंजिनचे, म्हणजे इंजिन पूर्ण खोलून नव्यानं बांधायचे, २२ हजार सांगितले. पुरातली गाडी, आत काय निघेल ते कुणालाच ठाऊक नाही, त्यामुळं त्यांचा आकडा चुकीचा नव्हता. माझ्याकडं १२ हजार होते आणि रविवार मोकळे होते.

गाडी का वाचवण्यासारखी होती

आरएक्स-१०० आपल्याकडं १९८५ पासून १९९६ पर्यंत यामाहाच्या सहकार्यानं एस्कॉर्ट्सनं बनवली. ९८ सीसी, टू-स्ट्रोक, बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ५० मिलिमीटर आणि स्ट्रोकही (पिस्टनची वर-खाली धाव) ५० मिलिमीटर, ताकद ११ अश्वशक्ती. मामांची १९९३ ची, एमएच-०९. बंद होऊन इतकी वर्षं झाली तरी या गाडीचं वेड कमी झालेलं नाही, म्हणून पिस्टन, क्रँक किट, सील, पॅकिंग सगळं अजून नवं मिळतं. कमी पैशात इंजिन करायचं तर पहिली अट हीच. आपल्याला हवा तो भाग दुकानात मिळतो का, हे आधी विचारायचं आणि मगच पाना हातात घ्यायचा.

दुसरी गोष्ट केसिंगची, म्हणजे इंजिनाच्या बाहेरच्या धातूच्या कवचाची. इंजिन नंबर केसिंगवर कोरलेला असतो. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण करताना तो नंबर कागदाशी जुळावा लागतो. आतलं सगळं बदलता येतं, पण नंबर असलेलं केसिंग फुटलं तर पुढं कागदपत्रांचा घोळ होतो. त्यामुळं केसिंगवर हातोडा मारायचा नाही, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. मदतीला येणाऱ्या भाच्यालाही.

खोलताना

टू-स्ट्रोक पुरात बुडाली की तिचं खालचं अंग जास्त खराब होतं. फोर-स्ट्रोकच्या क्रँकवर, म्हणजे पिस्टनच्या वर-खाली हालचालीनं फिरणाऱ्या दांड्यावर, ऑईलचा थर असतो. टू-स्ट्रोकच्या क्रँकला पेट्रोलमधून येणाऱ्या ऑईलच्या तुषारांवर भागवावं लागतं, आणि क्रँककेस म्हणजे चहूबाजूंनी बंद हौद. कार्बोरेटरमधून किंवा सायलेन्सरमधून आत शिरलेलं पाणी आपोआप बाहेर पडत नाही. पूर ओसरल्या-ओसरल्या कुणी प्लग काढून, गाडी उलटी-पालटी करून पाणी काढलं असतं आणि आत ऑईल सोडलं असतं, तर क्रँक कदाचित वाचला असता. मामांना दोष देण्यात अर्थ नाही. त्या आठवड्यात घरात गुडघाभर चिखल होता.

किक जागची हलत नव्हती. हेड काढलं तर पिस्टनच्या डोक्यावर वाळलेल्या गाळाचा पापुद्रा, उन्हाळ्यात तळ्याच्या काठाला पडतात तशा भेगा पडलेला. त्याखाली पिस्टन ब्लॉकमध्ये, म्हणजे तो ज्यात वर-खाली होतो त्या नळकांड्यात, घट्ट. तीन रात्री डिझेल आणि टू-टी (टू-स्ट्रोकच्या पेट्रोलमध्ये मिसळायच्या) ऑईलचं मिश्रण भरून ठेवलं. चौथ्या दिवशी ब्लॉकवर उकळतं पाणी ओतत, पिस्टनवर सागवानी ठोकळा ठेवून हलके ठोके दिले. एक सुतभर हलला. अर्ध्या तासानं आणखी थोडा. संध्याकाळपर्यंत ब्लॉक हातात आला. या कामात जोर करणाऱ्याचं पिस्टनबरोबर कनेक्टिंग रॉडही वाकतं, म्हणून संध्याकाळ झाली तर होऊ द्यायची.

केसिंगचे स्क्रू हा वेगळा त्रास. साध्या स्क्रू ड्रायव्हरनं पहिल्याच स्क्रूची मुंडी सोलली गेली. लगेच थांबलो आणि हातोडीनं ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर ४५० रुपयांना आणला. बाकीचे सगळे स्क्रू त्यानं सुटले. क्रँकच्या टोकावरचं मॅग्नेट ओढून काढायला पुलर २५० चा. ज्यांचे पैसे वाचवायचे नसतात अशी हत्यारं दोनच, असं मी म्हणेन, आणि ती हीच.

गिअरचं ऑईल ताकासारखं पांढरट झालेलं. गिअरच्या दातांवर तांबूस थर होता, पण तो डिझेलमध्ये ब्रश मारल्यावर निघाला आणि खाली दात शाबूत होते. क्लचप्लेटा फुगून एकमेकींना चिकटलेल्या. क्रँकची दोन्ही बेअरिंगं खडखडत होती, आणि कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाच्या बेअरिंगमध्ये तर गाळ दगडासारखा बसलेला. म्हणजे क्रँक फोडणं आलंच.

आधी माप, मग पाकीट

इथं मात्र मला माझ्या नोकरीचा उपयोग झाला. ब्लॉक धुऊन-पुसून तीन उंचीवर, प्रत्येक उंचीला दोन आडव्या-उभ्या दिशांनी मोजला. वर ५०.५८, मध्ये ५०.५५, खाली ५०.५३. म्हणजे हा ब्लॉक आधी कधीतरी अर्ध्या मिलिमीटरनं वाढवलेला. मामांना फोन केला, तर म्हणाले, "व्हय, तुझ्या मावशीच्या लग्नाआधी काम केलंतं." पुढचा साईझ ०.७५, त्यानंतर १.००, आणि मग संपलं. एक्झॉस्ट पोर्टच्या (धूर बाहेर जायच्या भोकाच्या) वर, जिथं रिंगा चार वर्षं थांबल्या होत्या, तिथं गंजाची एक गोल रेघ होती. नखाला लागत होती, पण तिची खोली ०.७५ च्या बोअरमध्ये निघून जाईल इतकीच वाटत होती. थेट १.०० चा पिस्टन आणला असता तर या ब्लॉकचं शेवटचं आयुष्य आजच वापरून टाकलं असतं.

शिवाजी उद्यमनगरात ज्या मेस्त्रींकडं ब्लॉक नेला, ते ऑईल इंजिनाच्या जमान्यापासून लेथवर उभे आहेत. कोल्हापूरची ही एक सोय आहे. ओतकाम, बोरिंग, होनिंग, क्रँक प्रेस करणं, सगळं चालत जाण्याच्या अंतरावर होतं. दुसऱ्या शहरात याच कामाला चार फेऱ्या आणि चार ठिकाणची मजुरी लागते. मेस्त्रींनी ब्लॉक हातात घेऊन उजेडाकडं धरला आणि पहिला प्रश्न विचारला,

"पिस्टन कुठाय?"

"अजून घेतला नाही. ०.७५ चा घ्यायचाय. तुम्ही बोअर मारून ठेवा."

"आसं नसतं. आदी पिस्टन आण. डब्यावरचा आकडा बघून म्या बोअर मारत न्हाई."

पिस्टन आणला आणि त्यांच्याच टेबलावर मायक्रोमीटर लावला. डब्यावर ५०.७५. स्कर्टला, म्हणजे पिस्टनच्या खालच्या भागाला, गजन पिनेच्या (पिस्टन रॉडला जोडणाऱ्या पिनेच्या) आडव्या दिशेला मोजलं तर ५०.७०५. म्हणजे बनवणाऱ्यानं फट आधीच पिस्टनमधून कमी केली होती. डब्यावरच्या आकड्यात आणखी ४५ मायक्रॉन धरून बोअर मारला असता, तर ९० मायक्रॉनची फट राहिली असती आणि नवं इंजिन पहिल्या दिवसापासून पिस्टनचा खळखळाट करत फिरलं असतं. मेस्त्रींनी ५०.७५ वर बोअर संपवला, होनिंगची तिरपी जाळी मारली आणि सगळ्या पोर्टच्या कडा हातानं मोडून दिल्या. या कडा धारदार राहिल्या तर रिंग पोर्टमध्ये अडकून तुटते. बोअरिंग-होनिंगचे ५०० घेतले.

क्रँकचंही तसंच. आरएक्सचा क्रँक अखंड नसतो, दाबून बसवलेला असतो. प्रेसवर तो फोडायचा, नवं रॉड, पिन आणि बेअरिंगचं किट घालायचं, परत दाबायचा आणि मग दोन्ही शाफ्ट एका रेषेत आणायचे. हे शेवटचं काम तांब्याच्या हातोडीनं आणि डायलनं होतं. मेस्त्री एक ठोका मारायचे, क्रँक फिरवायचे, डायलकडं बघायचे. दीड तास चाललं. शेवटी डायलचा काटा ०.०२ मिलिमीटरच्या आत हलत होता. किट आणि मजुरी मिळून २,६००.

बेअरिंगं मी स्पेअर पार्टच्या दुकानात घेतली नाहीत. जुन्या बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो, तो लिहून सरळ बेअरिंगच्या दुकानात गेलो. नंबराच्या पुढं सी-३ होतं. दुकानदार नुसत्या नंबराचं द्यायला लागला, फरक पडत नाही म्हणाला. पडतो. सी-३ म्हणजे गोळ्यांना आत थोडी जास्त मोकळीक. केसिंगमध्ये घट्ट बसून, वर गरम झाल्यावर साध्या बेअरिंगची ती मोकळीक संपते. दोन दुकानं फिरून सी-३ मिळवली. क्रँकची दोन, गिअरबॉक्सची दोन, १,४०० रुपये.

जोडणी

बेअरिंग ठोकून बसवायची नाहीत, हे ठरलं होतं. आदल्या रात्री ती प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून फ्रीजरमध्ये ठेवली. सकाळी केसिंग शेगडीच्या जाळीवर हळूहळू तापवलं. पाण्याचा थेंब टाकला की चर्र करून उडायला लागला, तेव्हा भाच्यानं फ्रीजर उघडला आणि मी बेअरिंग सरळ धरून सोडलं. टक् असा एकच आवाज. तळाला जाऊन बसलं. हातोडीला हात लावावा लागला नाही.

पुढचं पटकन सांगतो, कारण त्यात नवल नव्हतं. सगळी ऑईल सीलं, म्हणजे शाफ्टभोवतीची फट बंद करणारी रबरी कडी, नवी. रिंग ब्लॉकमध्ये सरळ बसवून तोंडाची फट फिलर गेजनं बघितली, ०.२० आली. टू-स्ट्रोकच्या पिस्टनवर रिंगेच्या खाचेत छोटी पिन असते, रिंगेची दोन तोंडं बरोबर त्या पिनेवर आणून ब्लॉक चढवला. पिस्टनवरचा बाण एक्झॉस्टकडं. गजन पिनेची लॉकं नवी घातली. जुनी कितीही चांगली दिसली तरी वापरायची नाहीत, ती निसटली तर ब्लॉक कायमचा चिरतो. प्लगला ठिणगी देणारे पॉईंट आणि कंडेन्सर नवे, पॉईंटची फट ०.३५. कार्बोरेटर सुटा करून प्रत्येक भोकातून हवा मारली. इंजिनात आपोआप ऑईल सोडणारा ऑटोल्यूबचा पंप साफ केला, पण खात्री होईपर्यंत एका लिटर पेट्रोलला २५ मिली टू-टी हातानं मिसळून टाकायचं ठरवलं.

मार्चच्या पहिल्या रविवारी, सातव्या किकेला गाडी सुरू झाली. सोपा निळ्या धुरानं भरला. आईनं आतून वाकडं तोंड करून बघितलं आणि मग तीही हसली. मामांना फोनवर आवाज ऐकवला.

एक खटकत होतं. थ्रॉटल सोडला की आवाज लगेच खाली यायचा नाही. दोन-तीन सेकंद इंजिन वरच तरंगत राहायचं आणि मग सावकाश उतरायचं. मी कार्बोरेटरच्या मागं लागलो. हवेचा स्क्रू आत-बाहेर, सुई एक खाच वर. दोन संध्याकाळी गेल्या. थोडा फरक पडल्यासारखा वाटला आणि मी पुढं गेलो. इथं थांबायला हवं होतं.

वाघबीळ

रंकाळ्याभोवती फेऱ्या, मग फुलेवाडीकडं, असे थोडे-थोडे करत ६० किलोमीटर झाले. पुढच्या रविवारी शिवाजी पुलावरून पन्हाळ्याच्या रस्त्याला लागलो. केर्लीपर्यंत सुरेख. वाघबीळच्या चढाला तिसऱ्या गिअरवर असताना इंजिनाचा सूर अचानक जड झाला, कुणीतरी मागून धरल्यासारखी गाडी ओढली गेली. हात क्लचवरच होता, लगेच दाबला. इंजिन बंद. कडेला आलो तेव्हा ब्लॉकच्या पंख्यांमधून तापल्या लोखंडाचा वास येत होता.

अर्ध्या तासानं किक मोकळी झाली. प्लग काढला, टोक खडूसारखं पांढरं. म्हणजे पेट्रोल कमी, हवा जास्त. हळूहळू, उतारावर इंजिन बंद ठेवत घरी आलो. ब्लॉक काढला तर पिस्टनच्या एक्झॉस्टकडच्या बाजूला उभे ओरखडे, आणि वरची रिंग तिथं खाचेत चिकटलेली. फट मोजलेली होती, रिंग मोजलेली होती, ऑईल बरोबर होतं. कार्बोरेटरमधून आलेली हवा पेट्रोल घेऊनच येते. मग ही जास्तीची कोरडी हवा येत कुठून होती?

टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस स्वतः श्वास घेते. पिस्टन वर गेला की खाली पोकळी होते आणि ती मिश्रण ओढते. त्याच वेळी सीलमधून, पॅकिंगमधून कुठूनही हवा शिरली, तर ती पेट्रोलही आणत नाही आणि ऑईलही. क्लचच्या बाजूचं सील गेलं असतं तर गिअरचं ऑईल ओढलं गेलं असतं आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर निघाला असता. तसा धूर नव्हता. संशय मॅग्नेटच्या बाजूवर गेला, पण ते सील तर कोरं होतं.

अंदाजावर आणखी एक इंजिन घालवायचं नव्हतं, म्हणून दाबाची चाचणी केली. तिला विकतचं यंत्र लागत नाही. आईचं जुनं काट्याचं बीपीचं यंत्र काढलं. ओरखडे एमरीनं साफ करून ब्लॉक तात्पुरता परत चढवला. एक्झॉस्टच्या तोंडावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा आणि वर लोखंडी पट्टी आवळली. कार्बोरेटरच्या जागीही तसंच, त्या पट्टीला एक नळी. पिस्टन अगदी खाली आणून ठेवला, म्हणजे क्रँककेसमधून वर मिश्रण नेणारे ट्रान्स्फर पोर्ट उघडे राहतात आणि वरची-खालची जागा एक होते. मग रबरी फुगा दाबत काटा २८० वर नेला. तेवढा दाब या कामाला पुरतो, त्याहून जास्त दिला तर चांगली सीलंच उलटी व्हायची.

काटा थांबेना. वीस सेकंदांत १०० च्या खाली. हेडभोवती साबणाचं पाणी लावलं, काही नाही. ब्लॉकच्या खालचं पॅकिंग, काही नाही. मॅग्नेट काढून सीलवर ब्रश फिरवला आणि शाफ्टच्या खालच्या अंगाला बारीक बुडबुड्यांची माळ लागली. एकापाठोपाठ एक, शांतपणे.

सील उपसून काढलं. त्याचा ओठ सुरेख होता. शाफ्ट पुसला, बॅटरीच्या उजेडात बघितला, चकचकीत. तसाच उठून, क्रँकची बाजू दाखवायला मेस्त्रींना घरी घेऊन आलो. त्यांनी चष्माही लावला नाही. अंगठ्याचं नख शाफ्टवर आडवं टेकवलं आणि सावकाश फिरवलं. एका जागी थांबले. माझा हात धरून माझं नख तिथं टेकवलं. कट् लागलं. खसखशीच्या दाण्याएवढे तीन खड्डे, एका ओळीत, बरोबर सीलचा ओठ फिरतो त्या रेषेवर. पुराच्या पाण्यात जुन्या सीलखाली ओल धरून राहिली होती, तिनं तिथंच लोखंड खाल्लं होतं. जोडणीच्या वेळी मी गंज एमरीनं पुसला, शाफ्टचा व्यास मोजला, तो बरोबर आला, आणि पुढं गेलो. मायक्रोमीटरची टोकं सपाट असतात, ती खड्ड्यावरून तशीच जातात.

"मापं घेतलीस समदी," मेस्त्री म्हणाले, "पर नख फिरवलं न्हाईस व्हय रं."

दुरुस्ती आणि हिशोब

शाफ्टवर बाही चढवायची किंवा वेल्डिंग करून परत घासायचा, असे मार्ग होते. दोन्हींना क्रँक पुन्हा बाहेर काढावा लागला असता. मेस्त्रींनी त्याहून सोपं सांगितलं. बारीक एमरीची पट्टी ऑईलमध्ये भिजवून शाफ्टभोवती ओढायची, म्हणजे खड्ड्यांच्या कडा ओठाला कापणार नाहीत. आणि नवं सील आधीपेक्षा दीड मिलिमीटर बाहेर बसवायचं, म्हणजे ओठ खड्डे सोडून शेजारच्या कोऱ्या पट्ट्यावर फिरेल. केसिंगमध्ये तेवढी जागा होती, मॅग्नेटची प्लेट लागत नाही ना, हे आधी बघून घेतलं. सील बसवताना शाफ्टवर बारीक प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळली, म्हणजे शाफ्टवरच्या चावीच्या खाचेनं ओठ फाटत नाही.

परत २८०. सहा मिनिटांनी काटा २७० वर. आईनं घड्याळ धरलं होतं.

ब्लॉकवरचे ओरखडे हलक्या होनिंगनं गेले, बोअर ५०.७५५ झाला, चालण्यासारखा. पिस्टनचा खरखरीत भाग बारीक पॉलिश पेपरनं सपाट केला, रिंगा नव्या घातल्या. क्लच वेळेवर दाबला गेला नसता तर पिस्टन आणि ब्लॉक दोन्ही गेले असते. थ्रॉटल सोडला की आता आवाज तत्काळ खाली येतो. कार्बोरेटरची सुई मी मूळ खाचेवर परत आणली. ती पहिल्यापासून बरोबरच होती.

पहिल्या फेरीचा खर्च असा: क्रँक २,६००, पिस्टन किट १,५००, बोरिंग-होनिंग ५००, बेअरिंगं १,४००, सील-पॅकिंगचा सेट ६५०, क्लचप्लेटा ७००, पॉईंट-कंडेन्सर ३५०, कार्बोरेटरचं किट ३००, दोन हत्यारं ७००, डिझेल-ऑईल-एमरी वगैरे ९००. एकूण ९,६००. वाघबीळनंतर रिंगा ३५०, सील १२०, पॅकिंग १५०, होनिंग १५०, म्हणजे ७७०. सगळे मिळून १०,३७० रुपये. मेस्त्रींनी घरी आल्याचे पैसे घेतले नाहीत, चहा आणि भडंग घेतलं. माझे अकरा रविवार यात धरलेले नाहीत, आणि टाकी, चाकं, वायरिंग हा वेगळा खर्च आहे.

८०० किलोमीटर झाल्यावर प्लग काढून बघितला, टोक भाजलेल्या शेंगदाण्याच्या रंगाचं. त्याच आठवड्यात गाडी कुंभार गल्लीत नेऊन दिली. मामांनी किल्ली घेतली, किक मारायच्या आधी टाकीवरून एकदा हात फिरवला आणि व्हीनस कॉर्नरपर्यंत जाऊन आले. परत आल्यावर मामींना म्हणाले, "हिला आता भंगारात घालायचं नाव काढू नगंस."

एक गोष्ट आम्ही ठरवून टाकली आहे. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आहे, धोक्याची ४३. पावसाळ्यात ३९ चा आकडा आला की मामा फोन करत नाहीत. गाडी घेऊन सरळ शिवाजी पेठेत येतात, सोप्यात लावतात आणि केएमटीच्या बसनं परत जातात.